फिल्मची लेन्स, डिजिटल बॉडी: तालुक्याच्या स्टुडिओची पार्श्वभूमी

पुसद, वरोरा, अचलपूर अशा गावांत फोटो स्टुडिओ चालायचा तो लग्नसराईच्या भरवशावर. 2003 मध्ये कॅनन 300डी हा डिजिटल कॅमेरा आला, 2004 मध्ये निकॉन डी70, आणि रोल धुवायला शहरातल्या लॅबला पाठवायचे दिवस सरू लागले. बॉडी बदलायची हे नक्की होतं. अडत होतं ते कपाटातल्या लेन्सपाशी. त्या चालणार की नाही, हे कंपन्यांनी माउंट, म्हणजे बॉडीवर लेन्स बसवायचं कडं, बनवला त्याच वर्षी ठरून गेलं होतं.

लेन्स जिथे बसते त्या कड्यापासून फिल्मपर्यंतचं अंतर ठरलेलं असतं. निकॉन एफ माउंटचं (1959) 46.5 मिमी, पेंटॅक्स केचं (1975) 45.46, यशिका एफएक्स-3चं 45.5. कॅननचं जुनं एफडी 42 मिमीचं. 1987 मध्ये ते सोडून कॅननने 44 मिमीचा ईएफ आणला. लेन्सचं अंतर बॉडीपेक्षा जास्त असेल तर फरक रिंगने भरून निघतो: यशिकाची लेन्स कॅनन डिजिटलवर दीड मिमीच्या रिंगने बसते, निकॉनची अडीच मिमीच्या. एफडी मात्र मुळातच सेन्सरपासून 2 मिमी लांब पडते, त्यामुळे दूरचं काहीच स्पष्ट येत नाही. मध्ये काच असलेली रिंग मिळते, पण तिने चित्राची धार जाते. एफडीवाल्यांचं यात खरोखर नुकसान झालं.

निकॉनवाल्यांचं त्या मानाने निभावलं, तरी तिथेही बारकावे आहेत. 1977च्या आधीची, एआय (लेन्सचं ॲपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं छिद्र, बॉडीला कळवणारी निकॉनची सोय) न केलेली लेन्स डी200 किंवा डी7000वर जबरदस्तीने चढवली तर बॉडीच्या कड्यावरची छोटी पट्टी मोडते. एआय लेन्स या बॉडींवर नीट चालते: मेनूत ‘नॉन-सीपीयू लेन्स डेटा’मध्ये लेन्सवरचे आकडे, जसं 50 मिमी, एफ 1.8, भरायचे आणि मोड ए (ॲपर्चर आपण ठरवायचं) किंवा एम (सगळं हाताने) ठेवायचा. डी40, डी3000सारख्या स्वस्त बॉडींवर तीच लेन्स बसते, पण उजेड मोजणारा मीटर बंद राहतो. एक फोटो घ्या, हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) पाहा, शटरचा वेग बदला. पेंटॅक्समध्ये ॲपर्चर रिंग वापरायची परवानगी मेनूतून द्यावी लागते. मग एम मोडवर हिरवं बटण दाबलं की शटरचा वेग कॅमेराच लावतो.

मांडवात सगळ्यात मोठा धक्का बसला तो 28 मिमीने. फिल्मवर 4 मीटरवरून ती सुमारे 5 मीटर रुंदीचा ग्रुप धरायची. डी70चा सेन्सर लहान, म्हणून तिथूनच साडेतीन मीटरही येत नाही. कडेचे मामा-मावशी कापले जातात. मागे सरकायला जागा नसेल तर 18-55 मिमीची झूम लेन्स घ्यावीच लागते. 50 मिमी मात्र 75सारखी दिसू लागली आणि नवरीच्या क्लोजअपला सोन्यासारखी ठरली. फक्त फोकस जपायचा. फिल्म कॅमेऱ्यातलं, दोन अर्धी जुळवून फोकस साधायचं दुभंगलेलं वर्तुळ इथे नसतं, म्हणून व्ह्यूफाइंडरमधला हिरवा ठिपका स्थिर होईपर्यंत थांबायचं.

आपल्याकडचं हवामानही लेन्सवर उठतं. चंद्रपूरचा मे 45 अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत किंवा डिक्कीत राहिलेल्या लेन्समधलं ग्रीस पातळ होतं आणि तेल ॲपर्चरच्या पात्यांवर उतरतं. पाती सावकाश मिटतात, फोटो पांढरा फटफटतो. तपासायला रिंग एफ 16वर ठेवा आणि लेन्सच्या मागचा छोटा दांडा बोटाने सरकवून सोडा. पाती झटकन हललीच पाहिजेत. भंडारा-गडचिरोलीच्या पावसाळ्यात दुसरं दुखणं, बुरशी. अंधारात मागून टॉर्च मारला की कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. सुरुवातीला सापडली तर मेकॅनिक पुसून काढतो; कोटिंग खाल्लं गेलं असेल तर डाग कायमचा. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून लेन्स ठेवा, आणि जेल वेळेवर तापवून कोरडं करा.

2010 मध्ये सोनीच्या एनईएक्सपासून गणित उलटलं. लेन्स आणि सेन्सरच्या मधला, व्ह्यूफाइंडरला चित्र देणारा आरसा गेला, अंतर 18 मिमीवर आलं; 2018 मध्ये कॅनन आरएफ 20 आणि निकॉन झेड 16 मिमीवर. एफडी आता 24 मिमीच्या पोकळ रिंगने सोनीवर बसते, मध्ये काच लागत नाही. मेनूत ‘लेन्सशिवाय शटर’ चालू करा, नाहीतर बटण दाबूनही काही होत नाही.