लेदर, डायान

(७ जानेवारी १९३३ – ६ सप्टेंबर २०१८). इंग्लंडच्या मध्यम पल्ल्याच्या धावपटू. एक मैल अंतर पाच मिनिटांच्या आत धावणाऱ्या जगातील पहिल्या महिला. जन्म स्टॅफर्डशरमधील स्ट्रीटली येथे. शिक्षण रसायनशास्त्राचे आणि नोकरी बर्मिंगहॅम विद्यापीठात रसायनतज्ज्ञ म्हणून. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकने त्यांना धावण्याची ओढ लावली. बर्मिंगहॅमच्या बर्चफील्ड हॅरिअर्स या क्लबात त्या दाखल झाल्या आणि तिथे नेल्सन नील या प्रशिक्षिकेच्या हाताखाली तयार झाल्या.

वर्षभरातच, ३० सप्टेंबर १९५३ रोजी, त्यांनी मैल ५ मिनिटे २.६ सेकंदांत पूर्ण केला. रुमानियाच्या एडिथ ट्रेबल यांनी नोव्हेंबरमध्ये ५ मिनिटे ०.३ सेकंद अशी वेळ दिली. २६ मे १९५४ ला लेदर ५ मिनिटे ०.२ सेकंदांवर आल्या. तीनच दिवसांनी, २९ मे रोजी, बर्मिंगहॅमच्या अलेक्झांडर मैदानावर त्यांनी ४ मिनिटे ५९.६ सेकंदांत अंतिम रेषा ओलांडली. ४४० यार्डांचे चार फेरे, प्रत्येकी सरासरी ७५ सेकंदांच्या किंचित आत, असा हा हिशेब. कोणत्याही एका फेरीत अर्धा सेकंद जास्त गेला असता, तरी पाच मिनिटांचा आकडा पुन्हा हुकला असता.

इंग्लंडचे धावपटू रॉजर बॅनिस्टर यांनी ऑक्सफर्डला पुरुषांच्या मैलातील चार मिनिटांची भिंत फोडून तेव्हा जेमतेम २३ दिवस झाले होते. बॅनिस्टर यांचे नाव जगभर गाजले; लेदर यांच्या पराक्रमाची दखल मात्र त्या मानाने फारच थोडी घेतली गेली. मुख्य अडचण नियमांची होती. आंतरराष्ट्रीय अ‍ॅथलेटिक्स महासंघ महिलांच्या मैलाचे जागतिक विक्रम नोंदवतच नसे, त्यामुळे त्यांची वेळ ‘जागतिक सर्वोत्तम’ एवढीच राहिली. महासंघाची अधिकृत नोंद १९६७ मध्ये अ‍ॅन स्मिथ यांच्या ४ मिनिटे ३७ सेकंदांपासून सुरू होते.

खरे तर लेदर यांची सर्वांत मोठी कामगिरी त्यापुढची आहे. १९५५ च्या मे महिन्यात त्यांनी ही वेळ ४ मिनिटे ५०.८ सेकंदांवर आणली आणि २१ सप्टेंबरला लंडनच्या व्हाइट सिटी मैदानावर ४ मिनिटे ४५ सेकंदांवर. पाच मिनिटांचा टप्पा गाठल्यावर सोळा महिन्यांत त्यांनी आणखी साडेचौदा सेकंद कमी केले, आणि हा उच्चांक सात वर्षे कुणालाही मोडता आला नाही. १९६२ च्या डिसेंबरमध्ये न्यूझीलंडच्या मरीस चेंबरलेन यांनी तो मोडला. ‘पाच मिनिटांच्या आत’ एवढ्याच शब्दांत लेदर यांची ओळख करून दिली जाते, तेव्हा ही झेप झाकली जाते.

८०० मीटरमध्ये त्यांनी बर्न (१९५४) आणि स्टॉकहोम (१९५८) येथील युरोपीय स्पर्धांत रौप्यपदके मिळवली. ऑलिंपिकचे दार मात्र बंद होते. १९२८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला महिलांची ८०० मीटर शर्यत झाली आणि जर्मनीच्या लीना राटके यांनी ती जिंकली. शर्यत संपल्यावर काही धावपटू दमून मैदानावर टेकल्या, याची वृत्तपत्रांनी भडक वर्णने केली. एवढे अंतर बायकांना झेपत नाही असा निष्कर्ष निघाला आणि ही शर्यत कार्यक्रमातून वगळली गेली. दमलेला पुरुष धावपटू आडवा झाला म्हणून कुणी पुरुषांची शर्यत बंद केली नव्हती. हा अन्याय ३२ वर्षे टिकला, आणि लेदर यांच्या ऐन उमेदीची वर्षे त्यातच सरली.

१९६० मध्ये रोमला ही शर्यत परत आली, तेव्हा त्या २७ वर्षांच्या होत्या. लग्नानंतरच्या डायान चार्ल्स या नावाने त्या उतरल्या, पण प्राथमिक फेरीतच बाद झाल्या. त्यानंतर त्यांनी स्पर्धा सोडली. पुढे चार मुलांचा संसार सांभाळून त्यांनी समाजसेविका म्हणून काम केले. कॉर्नवॉलमध्ये त्यांचे निधन झाले.