समुद्राच्या तळावरची राजधानी : लेलिस्टाड
लेलिस्टाड ही नेदरलँड्सच्या फ्लेव्होलांड प्रांताची राजधानी. तिथे पहिली कुटुंबं राहायला आली १९६७ साली, आणि त्याच्या दहाच वर्षं आधीपर्यंत त्या जागी पाणी होतं. शहराची जमीन आजही समुद्रसपाटीच्या सुमारे तीन मीटर खाली आहे. पंप चालू असतात म्हणून ती कोरडी राहते.

हे पाणी झाउडरझी या उथळ समुद्राचं. मासेमारीला आणि व्यापाराला सोयीचा, पण वादळात काठच्या गावांचा काळ. त्याच्या तोंडावर बांध घालायचा आणि आतून शेतजमीन काढायची, ही योजना अभियंता कॉर्नेलिस लेली यांनी १८९१ मध्ये मांडली. अनेक वर्षं ती कागदावरच राहिली. १९१६ च्या जानेवारीत पुरानं काठाची दैना केली, त्यात महायुद्धामुळे धान्याची टंचाई. तेव्हा मंत्री असलेल्या लेलींनी १९१८ मध्ये कायदा करून घेतला. ३२ किलोमीटरचा बांध १९३२ मध्ये पूर्ण झाला आणि खारा समुद्र गोड्या पाण्याचं सरोवर झाला. ते पाहायला लेली नव्हते. १९२९ मध्येच ते गेले. शहराचं नाव त्यांच्यावरूनच पडलं.

भराव म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पाण्यात ओतली जाणारी माती येते. इथे उलटं झालं. १९५० पासून पाण्यातच चहूबाजूंनी बांध घातले आणि आतलं पाणी उपसलं. १९५७ मध्ये तळ उघडा पडला, पण तो नुसता चिखल. पाय ठेवला की रुतणारा. म्हणून विमानांतून उंच पाणगवताचं बी फेकलं. त्या गवतानं ओल शोषली, जमीन भेगाळली, मग कुठे नांगर चालला. चर खणताना बुडालेली जहाजं सापडू लागली, शेकड्यांनी. कुणात स्वयंपाकाची भांडी, कुणात चामड्याचे जोडे. गावाच्या शेतात जहाज निघावं, यापेक्षा या भूमीची मोठी साक्ष ती कोणती!

मला मात्र या शहराची खरी गोष्ट त्याच्या अपुऱ्या राहिलेल्या नकाशात दिसते. लेलिस्टाड मधोमध असणार होतं. पश्चिमेला मार्करवार्ड नावाची आणखी एक मोठी जमीन पाण्यातून काढायची ठरली होती, आणि दोन्हीकडच्या लोकांची ही बाजारपेठ व्हायची होती. पुढे शेतजमिनीची निकड सरली, सरोवरातलं गोडं पाणी आणि निसर्ग राखण्याची मागणी वाढली. अखेर २००३ मध्ये सरकारनं तो बेत सोडला. शहर काठावरच राहिलं. दरम्यान ॲमस्टरडॅमला जवळचं, याच प्रांतातलं आल्मेरे शहर झपाट्यानं वाढून पुढे निघून गेलं. लेलिस्टाडला रेल्वे मिळाली ती १९८८ मध्ये. प्रांताची राजधानी होण्याचा मान मात्र १९८६ मध्ये, फ्लेव्होलांड हा देशाचा बारावा प्रांत झाला तेव्हा, लेलिस्टाडलाच मिळाला.

मार्करवार्डसाठी घातलेला बांध अजून आहे. लेलिस्टाडहून एंकहाउझनला जाणारा सुमारे २६ किलोमीटरचा रस्ता त्याच्यावरूनच जातो. दोन्ही बाजूंना पाणी.