मन खंबीर असलं की आयुष्य वाढतं का?

कॅन्सरच्या रुग्णाला भेटायला आलेला जवळपास प्रत्येक जण 'धीर सोडू नका' असं सांगून जातो. हेतू चांगलाच असतो. पण आजार बळावला की रुग्णाला वाटू लागतं, मीच कुठेतरी कमी पडलो.

मन खंबीर ठेवलं की आयुष्य वाढतं, या समजुतीला 1989 साली मोठं बळ मिळालं. शरीरात पसरलेला स्तनाचा कॅन्सर असलेल्या 86 स्त्रियांचा अभ्यास अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांनी प्रसिद्ध केला. दर आठवड्याला गटात बसून मन मोकळं करणाऱ्या स्त्रिया सरासरी 36.6 महिने जगल्या, बाकीच्या 18.9. आकडे डोळ्यांत भरणारे, पण गट लहान. 2001 मध्ये 235 स्त्रियांवर तसाच प्रयोग झाला, तेव्हा आयुष्यात फरक पडला नाही. आधीपासून जास्त खचलेल्या स्त्रियांचं मन मात्र हलकं झालं, वेदनाही कमी जाणवल्या. स्पीगल यांच्या 2007 च्या दुसऱ्या अभ्यासातही एकूण आयुष्य वाढलं नाही.

त्याच वर्षी डोकं आणि मानेच्या कॅन्सरच्या 1,093 रुग्णांची पाहणी आली. मनःस्थितीच्या गुणांवरून कोण किती जगेल हे ओळखता आलं नाही. यातली मेख अशी की हे सगळे उपचारांच्या चाचण्यांमधले रुग्ण होते: उपचार आखून दिलेले, पाठपुरावा कडक, म्हणजे मन खचल्यामुळे उपचार चुकायला वाव कमी.

मग नैराश्य असलेल्यांत मृत्यू जास्त का दिसतात? काही अंशी गणितच उलटं असतं. वाढलेल्या आजारातली दाहाची रसायनं भूक, झोप, उमेद सगळंच खातात. खचणं हे तिथे आजाराचं लक्षण असतं. शिवाय खचलेला माणूस केमोची तारीख टाळतो, गोळ्या अर्ध्यावर सोडतो, ताप अंगावर काढतो. अनेक औषधांत केमोनंतर 7 ते 14 दिवसांत संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. तेव्हा 38 अंश सेल्सिअसचा ताप आला तर त्याच रात्री रुग्णालय गाठावं लागतं. सकाळची वाट पाहणं जिवावर बेतू शकतं.

म्हणून 'हसत राहा' म्हणण्यापेक्षा विचारावं: गेल्या आठवड्यातला त्रास 0 ते 10 मध्ये किती? 4 किंवा जास्त असेल तर डॉक्टरांना सांगावं. नैराश्यावर औषधं आहेत, फक्त ती कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवूनच घ्यावीत. त्यातली पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन यकृतातलं एक विकर (एन्झाइम) अडवतात, आणि टॅमॉक्सिफेन या स्तनाच्या कॅन्सरवरच्या औषधाचं प्रभावी रूप त्याच विकरामुळे तयार होतं. त्यामुळे टॅमॉक्सिफेन चालू असताना सहसा दुसरं औषध निवडतात.