फड पद्धती

तापी खोऱ्याच्या पश्चिम भागात, मुख्यतः धुळे व नाशिक जिल्ह्यांत, बंधाऱ्याचे पाणी गावाच्या सामाईक शिस्तीने वाटून घेण्याची परंपरागत सिंचनव्यवस्था. पांझरा व तिची उपनदी कान, तसेच गिरणेला मिळणाऱ्या मोसम व आरम या नद्या हे तिचे मुख्य क्षेत्र होय. सह्याद्रीत उगम पावणाऱ्या या नद्यांना पूर्वी पावसाळ्यानंतरही बराच काळ वाहते पाणी असे आणि पात्रात खडकाचे उघडे थर जागोजागी असल्याने कमी उंचीच्या बंधाऱ्यांना पक्का पाया मिळे.

रचना : नदीत दगड-चुन्याचा बंधारा घालून पाणी पाटात वळवितात. पाटातून चाऱ्या आणि चाऱ्यांतून शेतापर्यंत जाणारे सारंग निघतात. जादा पाणी बाहेर काढणाऱ्या वाटेला सांडम म्हणतात. बंधारा पाणी साठविण्यासाठी नसून पातळी उचलण्यासाठी असतो. धरणाच्या हिशेबाने पाहणाऱ्यास म्हणून तो फार तोकडा वाटतो.

भिजणाऱ्या शिवाराचे सामान्यतः तीन किंवा चार भाग केलेले असतात. त्यातील प्रत्येक भाग म्हणजे एक फड. फडाचे क्षेत्र १० पासून २०० हेक्टरांपर्यंत आढळते. एका फडात एका हंगामात एकच पीक घ्यायचे, हा या पद्धतीचा कणा. एक-दोन फडांत ऊस, उरलेल्यांत हंगामी पिके, आणि पाणी कमी दिसल्यास एखादा फड पडीक, असा निर्णय गाव दरवर्षी घेई. पुढील वर्षी पिकांची जागा बदले, त्यामुळे फेरपालट आपोआप साधे. पीक एकच असल्याने पाणी शेतागणिक न मोजता फडाच्या वरच्या टोकापासून शेवटापर्यंत सलग, रात्रंदिवस देता येई. बहुतेक खातेदारांची थोडीथोडी जमीन प्रत्येक फडात असे. त्यामुळे फड कोरडा ठेवल्याचा तोटा एकट्यादुकट्यावर न पडता साऱ्यांत वाटला जाई. पद्धतीचे खरे मर्म बंधाऱ्यापेक्षा जमिनीच्या या विभागणीत आहे.

पाटकरी पाणी सोडी व फिरवी, हवालदार देखरेख करी आणि जागल्या राखण करी. त्यांचा मोबदला बहुधा धान्यरूपाने मिळे. पाटातील गाळ काढणे हे लाभधारकांचे सामुदायिक काम असे.

उगम : पद्धतीचे वय ३०० ते ४०० वर्षे असल्याचे सर्रास सांगितले जाते, परंतु हा आकडा प्रामुख्याने परंपरेवर आधारलेला आहे. एक मत बंधाऱ्यांचे श्रेय खानदेशच्या फारुकी राजवटीला (चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १६०१ पर्यंत) देते. दुसरे मत त्यांना यादवकाळापर्यंत मागे नेते, पण खानदेशात कोणत्याही जुन्या दगडी कामाला ‘हेमाडपंती’ म्हणण्याची सवय लक्षात घेता त्यावर फार भिस्त ठेवता येत नाही. मराठा अंमलात खासगी व्यक्तींनी बंधारे बांधले किंवा दुरुस्त केले असावेत, असे तिसरे मत आहे. बंधारे वेगवेगळ्या काळांतील असून फडाची वाटपव्यवस्था त्यांवर हळूहळू घडत गेली, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. बंधाऱ्याच्या चिरेबंदीवरून वाटपाच्या नियमांचे वय ठरविणे मुळातच धोक्याचे आहे. १८०२ मधील होळकरी फौजेची लूट आणि १८०३–०४ चा दुष्काळ यांनी खानदेश उजाड झाला. इंग्रजी अमलाच्या आरंभी अनेक बंधारे भग्नावस्थेत होते, त्याचे एक कारण हेच असावे.

विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी नीरा कालव्यावर ‘ब्लॉक पद्धत’ सुचविली. ठराविक गट पाडून त्यांत पिकांची फेरपालट करण्याचे तिचे तत्त्व फडाशी मिळतेजुळते आहे. नोकरीच्या सुरुवातीला ते खानदेशात होते आणि पांझरेच्या एका पाटावर त्यांनी नळांचा वक्रनलिका जलसेतू (सायफन) उभारला होता. त्यामुळे त्यांनी फडावरूनच कल्पना घेतली, असे काही अभ्यासक सुचवितात. तशी शक्यता आहे, तथापि साम्य आणि अनुकरण यांत अंतर ठेवणे इष्ट.

पूर : फडाचे बंधारे पूर अडवीत नाहीत. पूर त्यांच्या माथ्यावरून जातो आणि पाटात शिरलेले जादा पाणी सांडमांतून बाहेर पडते. मोठ्या पुरापासून गावांचे संरक्षण हा त्यांचा हेतूच नव्हता. १८७२ मध्ये गिरणा व पांझरा यांना आलेल्या पुरात धुळ्यातील सुमारे ५०० घरे वाहून गेली आणि १५२ गावांचे नुकसान झाले. पुराचे नियमन आता वरच्या धरणांकडे आले आहे : पांझरेवर लाटीपाडा व अक्कलपाडा, मोसमवर हरणबारी, आरमवर केळझर. सिंचनासाठी जलाशय भरलेला हवा आणि पुरासाठी रिकामा, हा पेच त्याबरोबरच आला. ऑगस्ट २०१९ मध्ये पांझरेला आलेल्या पुराचा फटका धुळे शहराला बसला.

ऱ्हास : धरणांमुळे नदीचा पावसाळ्यानंतरचा प्रवाह घटून बंधाऱ्यांना आवर्तनाची (धरणातून ठराविक काळाने सोडल्या जाणाऱ्या पाण्याची) वाट पाहावी लागू लागली. विहिरी व विद्युत पंपांमुळे खातेदार फडाच्या पीकशिस्तीतून मोकळा झाला आणि खरेदी-वाटण्यांनी प्रत्येक फडातील हिस्सेदारी मोडली. मुंबई पाटबंधारे कायदा, १८७९ अन्वये अशी अनेक कामे द्वितीय वर्गात (रूढ पाणीहक्कांची नोंद ठेवल्या जाणाऱ्या पाटबंधारे कामांत) गणली जात. महाराष्ट्रातील सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार स्थापन होणाऱ्या पाणीवापर संस्थांच्या चर्चेत फडाचा दाखला वारंवार येतो. मात्र त्या संस्था पाणी घनमापनाने (घनमीटरांत मोजून) घेतात आणि पीक कोणते घ्यायचे हे सभासदावर सोपवितात.