ॲपलच्या डेव्हलपर परिषदेवर डेव्हलपर काय म्हणत आले

दरवर्षी जूनमध्ये ॲप आणि प्रोग्राम लिहिणाऱ्या डेव्हलपरांसाठी ॲपलची परिषद, डब्ल्यूडब्ल्यूडीसी, भरते आणि कीनोट, म्हणजे उद्घाटनाचं भाषण, संपायच्या आत निकालही लागतो: यंदा दम होता, किंवा यंदा काहीच नव्हतं. एवढी घाई का होते ते कळतं. ज्यांचं पोट या प्लॅटफॉर्मवर आहे त्यांना पुढचं वर्षभर काय करायचं ते त्या दोन तासांत समजतं. पण पहिल्या दिवशीचा आवाज आणि नंतर प्रत्यक्षात घडलेलं यांचा मेळ फार कमी वेळा बसला आहे. कंपनीने मोठा निर्णय फिरवला तो बहुधा डेव्हलपरांनी कोड लिहायला नकार दिला तेव्हा, नाहीतर तिला न विचारता स्वतःच वाट काढली तेव्हा.

याचं सर्वांत ठळक उदाहरण १९९७ आणि १९९८ या दोन वर्षांतलं आहे. मे १९९७ मध्ये सॅन होजेला परिषद भरली तेव्हा ॲपल तोट्यात बुडालेली होती. कोपलँड ही नवी ऑपरेटिंग सिस्टीम आदल्या ऑगस्टमध्ये गुंडाळली गेली होती. डिसेंबरमध्ये ४० कोटी डॉलरहून जास्त मोजून नेक्स्ट ही कंपनी विकत घेण्याचं ठरलं आणि तिच्याबरोबर स्टीव्ह जॉब्स सल्लागार म्हणून परतले. त्या परिषदेतली एक चित्रफीत आजही फिरत असते. वेगवेगळ्या प्रोग्रामांचे तुकडे एकाच दस्तऐवजात जोडणारं ओपनडॉक हे तंत्रज्ञान कंपनीने नुकतंच बंद केलं होतं. एक डेव्हलपर उठला, त्यातल्या कल्पना जावा ही प्रोग्रामिंगची भाषा कशा पुऱ्या करणार ते स्पष्ट सांगा म्हणाला, आणि गेली सात वर्षं तुम्ही स्वतः काय करत होतात असंही त्याने जॉब्स यांना विचारलं. जॉब्स बराच वेळ थांबले. मग म्हणाले की सुरुवात ग्राहकाच्या अनुभवापासून करायची आणि तिथून मागे तंत्रज्ञानाकडे यायचं. लोक हे उत्तर लक्षात ठेवतात. मला मात्र तो प्रश्नही तितकाच महत्त्वाचा वाटतो. ओपनडॉकवर वर्षानुवर्षं खपलेल्या माणसांचं काम एका निर्णयात वाया गेलं होतं, आणि त्याचा जाब विचारण्याची एकमेव जागा ती परिषद होती.

त्या वर्षीचा खरा पेच मात्र त्या चित्रफितीत नाही. तो रॅप्सडी या नव्या सिस्टीमचा होता. जुने प्रोग्राम ‘ब्लू बॉक्स’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात जसेच्या तसे चालतील, पण नव्या सिस्टीमचे फायदे हवे असतील तर सगळं नेक्स्टच्या पद्धतीने, म्हणजे ‘यलो बॉक्स’साठी, नव्याने लिहा, अशी योजना होती. सभागृहात नेक्स्टच्या साधनांचं कौतुक झालं. ती साधनं खरंच चांगली होती, पुढे आयफोनही त्यांच्याच पायावर उभा राहिला. पण अडोबी आणि मायक्रोसॉफ्ट यांच्याकडे लाखो ओळींचा जुना कोड होता आणि मॅकचा बाजारातला वाटा घसरत होता. त्या बाजारासाठी फोटोशॉप किंवा ऑफिस पहिल्या ओळीपासून लिहून काढायची त्यांची तयारी नव्हती. फोटोशॉप आणि ऑफिसशिवाय मॅक विकणार कोणाला, या प्रश्नाला ॲपलकडे उत्तर नव्हतं.

पुढच्याच वर्षी, मे १९९८ च्या परिषदेत, योजना बदलली. मॅक ओएस टेन जाहीर झाली आणि तिच्यासोबत कार्बन आलं. कार्बन म्हणजे जुन्या मॅकच्या एपीआयची, म्हणजे प्रोग्राम सिस्टीमकडून कामं करून घेतात त्या आज्ञांची, झाडून घेतलेली आवृत्ती. नव्या सिस्टीमला न मानवणारे भाग काढून टाकले आणि बाकीचे तसेच ठेवले, त्यामुळे जुना प्रोग्राम पुन्हा लिहिण्याऐवजी दुरुस्त करून नेता येऊ लागला. मॅक ओएस टेन २००१ मध्ये विक्रीला आली, त्याच वर्षी ऑफिस आणि २००२ मध्ये फोटोशॉप तिच्यावर आलं. डेव्हलपरांच्या नाराजीने कंपनीचा सगळा आराखडा फिरवला, असं म्हणता येईल तो हाच प्रसंग.

त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. २००७ च्या परिषदेच्या सुमारास ॲपलने ६४ बिट, म्हणजे जास्त मेमरी वापरू शकणाऱ्या, कार्बनचा बेत सोडून दिला. तोवर कंपनी सावरली होती आणि आयफोन दुकानात यायला काही दिवस उरले होते. या वेळी कोणाच्या नकाराला पूर्वीचं वजन नव्हतं. फोटोशॉपला मॅकवर ६४ बिट व्हायला २०१० उजाडलं, तेही यलो बॉक्समधूनच पुढे आलेल्या कोकोआकडे वळण्याचं मोठं काम उरकल्यावर.

त्याच २००७ च्या कीनोटमध्ये आयफोनचाही विषय होता. बाहेरच्या डेव्हलपरांसाठी एसडीके, म्हणजे ॲप बनवण्याची साधनं, नाही, सफारी या ब्राउझरमध्ये चालणारी वेब ॲप बनवा, असं सांगितलं गेलं. टाळ्या पडल्या त्या तोंडदेखल्या. फोन विक्रीला येताच लोकांनी तो उघडून पाहायला सुरुवात केली, आणि उन्हाळा संपायच्या आत कुलूप तोडलेल्या फोनांवर बाहेरची ॲप चालू लागली. १७ ऑक्टोबरला जॉब्स यांनी एसडीके देण्याचं जाहीर केलं, मार्च २००८ मध्ये ते दाखवलं गेलं आणि जुलैत सुमारे ५०० ॲप घेऊन ॲप स्टोअर उघडलं. कंपनीच्या मनात आधीपासून काय होतं याबद्दल बरंच बोललं गेलं आहे. पण मागणी खरी आहे हे त्या चार महिन्यांत डेव्हलपरांनी हाताने करून दाखवलं होतं.

डेव्हलपरांच्या बोलीत एक क्रियापद आहे: शेरलॉक होणं, म्हणजे आपल्या ॲपचं काम ॲपलनेच सिस्टीममध्ये देऊन टाकणं. कॅरेलिया या छोट्या कंपनीचं वॉटसन नावाचं ॲप वेबवरची माहिती आपल्याच खिडकीत आणून देत असे. २००२ मध्ये त्याला ॲपलचाच डिझाइन पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी आलेल्या शेरलॉक ३ या ॲपलच्या शोधसाधनाने जवळजवळ तेच काम सिस्टीममध्ये फुकट देऊ केलं. २००४ मध्ये पडद्यावर छोटी विजेट ठेवणारं डॅशबोर्ड दाखवलं गेलं तेव्हा तसंच काम करणारं कॉन्फॅब्युलेटर बनवणाऱ्यांची तक्रार हीच होती. तेव्हापासून कीनोट पाहताना छोट्या डेव्हलपरच्या पोटात गोळा असतो. बाकीचे टाळ्या वाजवत असतात आणि तो आपल्या ॲपचं नाव निघू नये म्हणून जीव मुठीत धरून बसलेला असतो. या बाबतीत कंपनीने आजवर काही बदललेलं नाही, आणि नाराजीने ते बदलेल असं मला वाटत नाही.

निखळ आनंदाचे प्रसंगही आहेत. २ जून २०१४ ला स्विफ्ट ही नवी भाषा जाहीर झाली, तेव्हा सभागृहात कोणालाही आधी सुगावा नव्हता आणि जल्लोष मनापासूनचा होता. पण पहिली काही वर्षं दर नव्या आवृत्तीने जुना कोड मोडत होता. आतली रचना स्थिर झाली ती स्विफ्ट ५ बरोबर, २०१९ मध्ये. २०१४ ला टाळ्या वाजवणारे आणि २०१६ ला कोड पुन्हा पुन्हा दुरुस्त करत वैतागलेले लोक तेच होते.

या सगळ्यात सभागृहाचाही वाटा होता. परिषदेची १,५९९ डॉलरची तिकिटं २०१३ मध्ये दोनेक मिनिटांत संपली आणि पुढच्या वर्षी सोडत काढावी लागली. २०१९ मध्ये संगणकाच्या नव्या पडद्याचा (मॉनिटरचा) स्टँड ९९९ डॉलरचा आहे असं मंचावरून सांगितलं, तेव्हा उठलेली कुजबुज प्रक्षेपणात ऐकू येते. किंमत अर्थातच तशीच राहिली. २०२० पासून कीनोट आधी चित्रित करून दाखवतात, त्यामुळे तसली कुजबुज ऐकायला मिळत नाही. मला ही हानी वाटते, कारण बोलणाऱ्यासमोरच नापसंती व्यक्त होण्याची ती एकच वेळ होती.

२०२० च्या परिषदेआधीच्या आठवड्यात ‘हे’ या ईमेल ॲपवरून ॲपमधल्या विक्रीतून ॲपल घेत असलेल्या ३० टक्के वाट्याचं भांडण उघड्यावर आलं. परिषदेच्या दिवसांतच ॲपलने सांगितलं, की यापुढे ॲपबद्दलच्या निर्णयाविरुद्धच नव्हे तर नियमाविरुद्धही दाद मागता येईल. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत कमावणाऱ्यांसाठी वाटा १५ टक्क्यांवर आणण्याची घोषणा झाली. तोवर एपिक या गेम कंपनीचा ॲपलविरुद्धचा खटला उभा राहिला होता आणि सरकारी चौकशाही सुरू होत्या. त्यामुळे याचं श्रेय एकट्या डेव्हलपरांना देणं मला बरोबर वाटत नाही.

रंगरूपाच्या बाबतीत मात्र कंपनी लवकर ऐकते. २०२१ मध्ये आयफोनच्या सफारीतली पत्त्याची पट्टी खाली नेली, त्यावर ओरड झाली आणि ऑगस्टच्या बीटात, म्हणजे चाचणीच्या आवृत्तीत, ती पुन्हा वर ठेवण्याची सोय आली. जून २०२५ मध्ये लिक्विड ग्लास हे काचेसारखं पारदर्शक नवं रूप दाखवलं, तेव्हा पहिल्या बीटात कंट्रोल सेंटरवरची अक्षरं मागच्या चित्रांत हरवत होती. दुसऱ्या बीटात काच धूसर झाली, तिसऱ्यात आणखी धूसर, चौथ्यात थोडी पुन्हा पारदर्शक. सप्टेंबरमध्ये आयओएस २६ ही आयफोनची सिस्टीम सर्वांना मिळाली, आणि काच पारदर्शक हवी की गडद ते निवडण्याची सोय २६.१ मध्ये आली.