मध फुलात नसतो

मार्च महिन्यात ठाण्यात आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीखालचं आग्या मोहोळ फवारा मारून पाडण्यात आलं. मला ते फार लागलं. खाली पडलेल्या पोळ्याचा हाताएवढा तुकडा मी कागदावर उचलून घेतला. वरच्या कडेला मधाची घरं होती, काही मेणाने बंद केलेली, काही उघडी. तुकडा जरा कलता केला, तर उघड्या घरांतून पाण्यासारखा रस ओघळला. बंद घराचं झाकण टाचणीने उचकटलं, तर आतला मध टाचणीबरोबर तार धरून वर आला. औषध मारलेलं असल्याने चाखायचा प्रश्नच नव्हता. शेजारच्या काकूंनी मात्र विचारलं, "अहो, माश्या फुलातला मध आणून साठवतात ना? मग अर्धा पातळ नि अर्धा घट्ट कसा?"

हा प्रश्न फार जुना आहे, आणि थोडा आपल्या भाषेतही दडलेला आहे. सोसायटीच्या बागेतला एक्झोरा, म्हणजे कोकणातलं पेंटगुळ, त्याच्या फुलातला दांडा ओढून लहानपणी जो थेंब चोखतो, त्यालाही आपण मधच म्हणतो. तो असतो मकरंद. मध फुलात नसतोच, तो माशी करते. माणसाला हे नीट कळायला दोन हजारांहून जास्त वर्षं लागली.

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने लिहिलं की मध हवेतून पडतो, विशेषतः तारे उगवताना आणि इंद्रधनुष्य उतरतं तेव्हा. त्याच्याकडे कारणही होतं: पोळी एक-दोन दिवसांत भरलेली दिसतात, आणि शरदात मध काढून घेतला तर फुलं असूनही तो पुन्हा भरत नाही. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी तर मधाला आकाशाचा घाम किंवा ताऱ्यांची लाळ म्हणावं का, अशा विचारात पडला. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत मधाचे आठ प्रकार दिले आहेत. त्यांतली माक्षिक, भ्रामर, क्षौद्र ही नावं फुलांवरून आलेली नाहीत, ती मध करणाऱ्या जिवांवरून आली आहेत. मला हे फार मोलाचं वाटतं. आजही आपण माशीच्या जातीवरून आग्याचा मध, सातेरीचा मध, फुलोरीचा मध असंच म्हणतो.

पोळ्याच्या आत काय चालतं, हे उलगडण्यात मोठा वाटा एका अंध माणसाचा आहे. स्वित्झर्लंडच्या फ्रांस्वा ह्युबर यांना दिसत नव्हतं. त्यांचा सेवक ब्युर्नां बघे आणि सांगे, ह्युबर प्रश्न रचत. त्यांची निरीक्षणं 1792 मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे त्यांनी दाखवून दिलं की माश्यांना नुसती साखर दिली तरी मेण बनतं, आणि पोळ्यातली हवा माश्या पंखांनी खेळती ठेवतात.

काकूंच्या प्रश्नाचं उत्तर याच वाऱ्यात आहे. मकरंद आणणाऱ्या माशीच्या पोटात अन्नाच्या जठराआधी एक वेगळी पिशवी असते. मकरंद तिथेच राहतो, आणि वाटेतच माशीच्या ग्रंथींतलं इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम, म्हणजे एक पाचक द्रव्य, त्यात मिसळतं. ते सुक्रोज ही साखर फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या साध्या साखरा करतं. घरी आल्यावर ती तो थेंब दुसऱ्या माशीच्या तोंडात देते. ही घरातली माशी थेंब तोंडाशी आणते, हवेला पसरते, गिळते, पुन्हा बाहेर काढते. मग तो मेणाच्या घरात ठेवला जातो आणि माश्या पंखांनी वारा घालत राहतात. मकरंदात साखर 20 टक्के धरली, तर एक किलो मधाला साधारण चार किलो मकरंद लागतो. उरलेलं तीन किलो पाणी या इवल्या पंखांनी उडवायचं, आणि तेही आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत! पाणी 20 टक्क्यांच्या आसपास उतरलं की वर मेणाचं झाकण बसतं. झाकण नसेल, तर मध हवेतलं पाणी पुन्हा ओढून घेतो आणि आंबतो.

माश्या मधात आणखी एक एन्झाइम घालतात, ग्लुकोज ऑक्सिडेज. त्यामुळे मध आंबटसर होतो आणि त्यात थोडं हायड्रोजन पेरॉक्साइडही तयार होतं. मधातला जंतुनाशक गुण बऱ्याच अंशी यातून येतो, हे 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं. जखमेवर मध लावायची रीत त्याच्या कितीतरी आधीची आहे.

मध काढायची पद्धत बदलली ती 19व्या शतकात. 1851 मध्ये अमेरिकेतले मधपाळ लँगस्ट्रॉथ यांनी माश्या पाळायला सुट्या चौकटींची पेटी केली; या चौकटींत माश्या पोळं बांधतात. 1865 मध्ये मधपाळ ह्रुश्का यांनी पोळं न पिळता चौकट गरगर फिरवून मध काढायचं यंत्र आणलं. पिलांसकट पोळं पिळायची गरजच संपली. महाराष्ट्रात या पेट्या महाबळेश्वरच्या डोंगरात रुजल्या. पुण्यात 1962 मध्ये केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था सुरू झाली. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर 2022 मध्ये 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झालं.

ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरात 2008 आणि 2016 मध्ये कारवीची झुडपं एकदम फुलली होती. कारवीचा मध मात्र चौकट फिरवणाऱ्या यंत्रालाही सहज दाद देत नाही. स्थिर ठेवला की जेलीसारखा थिजतो, ढवळला की पातळ होतो, ठेवला की पुन्हा थिजतो.

पेटीतला मध पिकला की नाही, हे पाहायला मधपाळ झाकणांकडे बघतात. शंका असेल तर चौकट आडवी धरून एक झटका देतात. थेंब उडाले, तर चौकट पुन्हा पेटीत जाते. आमच्या टाकीखालच्या त्या तुकड्यातल्या उघड्या घरांना अजून काही रात्रींचा वारा हवा होता.