मागच्या चाकाचं तोंड कुठे आहे?

परवा स्टुटगार्टहून भाच्याचा फोटो आला. गॅरेजच्या फरशीवर जुना टॉवेल, त्यावर ओळीने मांडलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या चकचकीत दांड्या, प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना गोल डोळा आणि मधे पाना लावायला षटकोनी भाग. त्याच्या मित्राने सेकंडहँड पोर्शे ९११ घेतलीये, ९९७ पिढीतली, आणि तिच्या मागच्या सस्पेन्शनच्या लिंका बदलायचं चाललंय. फोटोखाली प्रश्न होता, "मामा, एवढ्या पैशात आपल्याकडे जुनी अल्टो येते. नुसत्या लिंका कडक केल्या की गाडी रस्त्याला जास्त चिकटते का?"

नाही चिकटत. चिकटतं ते टायर, आणि टायर तेच आहे. पण हा गैरसमज इतका पसरलाय, आणि त्यामागचं खरं उत्तर इतकं सुंदर आहे, की मेसेजमध्ये मावेना म्हणून इथे लिहितोय.

सस्पेन्शन म्हटलं की आपल्याला स्प्रिंग आणि शॉकअप आठवतात. ते गाडीचं वजन पेलतात, हादरे गिळतात, बास. चाकाने वर-खाली होताना नक्की कुठल्या वाटेने जायचं आणि त्याचं तोंड कुठे राहील हे ठरवतात लिंका. हवेत एक काड्यापेटी धरा. ती वर-खाली, डावी-उजवीकडे, पुढे-मागे सरकू शकते आणि तीन प्रकारे फिरू शकते, म्हणजे एकूण ६ प्रकारची मोकळीक. आता दोन्ही टोकांना मोकळा सांधा असलेली एक दांडी काड्यापेटीला जोडली की त्यातली एक मोकळीक जाते. ५ दांड्या नीट विचार करून जोडल्या की ५ जातात आणि उरते फक्त एक, वर-खाली होण्याची. चाक ज्या भागावर बसतं त्याचं हेच केलेलं असतं. मर्सिडीजने १९८२ मध्ये १९० मॉडेलला मागे असं पाच लिंकांचं सस्पेन्शन दिलं, आणि पोर्शेने ९११ ला मल्टिलिंक दिलं ते १९९३ मध्ये दाखवलेल्या ९९३ पिढीत, त्याआधी जवळजवळ तीस वर्षं ती गाडी सेमी ट्रेलिंग आर्मवर, म्हणजे प्रत्येक चाकाला धरणाऱ्या एकाच तिरक्या हातावर, धावत होती.

कागदावर हिशोब झाला. पण गाडीत त्या दांड्यांच्या टोकांना रबरी बुश, म्हणजे दोन नळ्यांमध्ये रबर भरलेले सांधे, असतात आणि रबर दबतं. आता खरी गंमत सुरू होते.

टेबलावर वही ठेवा. वहीची वरची कडा म्हणजे गाडीची पुढची दिशा, वहीची उजवी कडा म्हणजे मागचं उजवं चाक. डाव्या कडेच्या मधोमध डावा अंगठा दाबून धरा, हे झालं गाडीला जोडलेलं टोक. आता उजवी कडा बोटाने स्वतःकडे ओढा. वही गोल फिरते आणि तिची वरची कडा उजवीकडे वळते, म्हणजे चाकाचं तोंड गाडीच्या बाहेर गेलं. याला टो-आउट म्हणतात. गाडीत तुम्ही ब्रेक मारता किंवा अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढता तेव्हा रस्ता चाकाला नेमका असाच मागे ओढतो, आणि लिंक गाडीला चाकाच्या आतल्या बाजूला जोडलेली असल्यामुळे बुश जेवढं दबेल तेवढं चाक बाहेर बघायला लागतं.

किती बघतं? समजा टो, म्हणजे चाकाच्या तोंडाचा आत-बाहेरचा कोन, सांभाळणारी लिंक चाकाच्या बाकीच्या आधारापासून १५० मिलिमीटरवर आहे आणि बुश फक्त १ मिलिमीटर दबलं. कोन झाला साधारण ०.३८ अंश. ६६ सेंटिमीटर व्यासाच्या टायरवर मोजलं तर पुढची आणि मागची कड यांच्यात साडेचार मिलिमीटरचाही फरक नाही, डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही. पण ताशी १०० किलोमीटरला गाडी सेकंदाला २७.८ मीटर जाते, आणि चाक ज्या दिशेला बघतंय त्याच दिशेला जायचं म्हणालं तर ते सेकंदाला १८ सेंटिमीटर बाजूला जाईल. वळणावर मागचा बराचसा भार बाहेरच्या चाकावर असतो, त्याच चाकाने त्याच क्षणी तोंड फिरवलं तर गाडीचं शेपूट बाहेर निघतं. त्यात ९११ चं इंजिन मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे, ६० टक्क्यांहून जास्त वजन मागे, आणि जुन्या ९११ मध्ये वळणाच्या मधे घाबरून पाय उचलणाऱ्यांच्या गाड्या गिरक्या का घ्यायच्या याचं निम्मं उत्तर ते वजन आहे आणि निम्मं हे.

पोर्शेच्या इंजिनिअरांनी यावर काढलेला उपाय मला फार आवडतो. १९७७ मध्ये जिनिव्हाला ९२८ नावाची गाडी दाखवली, तिच्या मागच्या अ‍ॅक्सलला नाव दिलं वाइसाख, स्टुटगार्टजवळ त्यांचं संशोधन केंद्र ज्या गावात आहे त्याचं. त्यांनी रबर कडक करण्याच्या मागे न लागता चाक ज्या बिंदूभोवती फिरतं तो बिंदूच हलवला. परत वही घ्या, या वेळी चाक वहीच्या मधोमध आहे असं समजा, अंगठा उजव्या कडेवर ठेवा आणि वहीच्या मधोमध बोट ठेवून स्वतःकडे ओढा. वरची कडा आता डावीकडे, म्हणजे गाडीच्या आत वळते. टो-इन! तोच ब्रेक, तेच रबर, पण आता जितकं जोरात ब्रेक मारू तितकी गाडी जास्त स्थिर.

पण टायरच्या बाहेर, हवेत, बोल्ट कसा ठोकणार? ठोकायचाच नाही. दोन लिंका समांतर न ठेवता थोड्या तिरप्या लावल्या की त्यांच्या रेषा कागदावर वाढवत नेल्यावर कुठेतरी एकमेकींना छेदतात, आणि चाक त्या क्षणी त्या छेदबिंदूभोवती फिरतं, तिथे लोखंडाचा कणही नसताना. शाळेत दोन रेषा छेदायला शिकलो तेवढीच भूमिती आहे ही. वाइसाख अ‍ॅक्सलमध्ये आर्मच्या पुढच्या टोकाला एक आखूड लिंक टाकून तो बिंदू टायरच्या बाहेर नेला, आणि आजची मल्टिलिंक सस्पेन्शनं तोच विचार पाच लिंकांनी करतात.

म्हणजे कंपनीच्या लिंकेतलं रबर हा काही कंजूषपणा नाही. खड्ड्यात आपटल्यावर चाक काही मिलिमीटर मागे सरकलं पाहिजे, नाहीतर तो दणका थेट बॉडीत येतो. मागे सरकताना तोंड मात्र बाहेर फिरता कामा नये. म्हणून कुठल्या बुशमध्ये कुठल्या बाजूला पोकळी ठेवायची, कुठे रबर भरीव ठेवायचं, हे सगळं ठरवून केलेलं असतं.

मग लिंका बदलतात कशाला? एक म्हणजे ट्रॅकवरचे स्लिक, म्हणजे नक्षी नसलेले, टायर रस्त्यावरच्या टायरपेक्षा खूप जास्त जोर लावतात, बुश ठरवल्यापेक्षा जास्त दबतं आणि अलाइनमेंट मशीनवर लावलेला टो वळणात राहत नाही. अशा वेळी रबराच्या जागी स्टीलचा गोल सांधा आला की लावलेला कोन तसाच राहतो आणि शेपूट काय करणार हे ड्रायव्हरला दरवेळी आधी कळतं. ग्रिप वाढत नाही, भरवसा वाढतो, आणि भरवसा वाढला की लॅप टाइम आपोआप खाली येतो. दुसरं म्हणजे गाडी खाली बसवली, म्हणजे तिची उंची कमी केली, की कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो दोन्ही बिघडतात, ते परत जागेवर आणायला लांबी कमी-जास्त होणारी लिंक लागते. त्या षटकोनी भागाच्या एका टोकाला उजवे आटे असतात, दुसऱ्याला डावे, त्यामुळे दीड मिलिमीटर पिचच्या (एका फेऱ्यात तेवढं सरकणाऱ्या) आट्यांवर एक पूर्ण फेरा दिला की लांबी ३ मिलिमीटरने बदलते, लिंक गाडीवरून न काढता. मग लॉकनट कसायचा.

आणि तिसरं बम्प स्टिअर, इथे जरा गणित आहे. लिंक आपल्या आतल्या टोकाभोवती कंपासासारखी फिरते, त्यामुळे आडवी लिंक h ने वर गेली की तिचं बाहेरचं टोक साधारण h² भागिले 2L इतकं आत येतं, L म्हणजे लिंकेची लांबी. ३०० मिलिमीटरची लिंक ३० मिलिमीटर वर गेली तर १.५ मिलिमीटर, ४०० ची असेल तर १.१२५. टोची लिंक आणि बाकीच्या लिंका यांची वर्तुळं जुळली नाहीत की हा ०.३७५ मिलिमीटरचा फरक चाकाचं तोंड फिरवतो, आपल्या मघाच्या १५० मिलिमीटरवर ०.१४ अंश, ते पण स्टिअरिंगला हात न लावता, नुसत्या उंचवट्यावरून गेलं म्हणून. गाडी खाली बसवल्यावर लिंका आडव्या न राहता तिरक्या होतात आणि हा फरक आणखी वाढतो, म्हणून चांगल्या किटमध्ये टोच्या लिंकेचं टोक वर-खाली सरकवायला जाड-बारीक चकत्या दिलेल्या असतात.

जाहिरातीत "एअरक्राफ्ट ग्रेड अ‍ॅल्युमिनियम" वाचून मात्र भुलू नका. विमानातलं महागडं अ‍ॅल्युमिनियम तुटायला जास्त कठीण असतं हे खरं, पण वाकण्या-ताणण्याच्या बाबतीत ताठपणा जवळपास सगळ्या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूंचा सारखाच, ७० गिगापास्कलच्या आसपास, आणि साध्या स्टीलचा त्याच्या जवळजवळ तिप्पट. लिंकेत दबणारी गोष्ट रबर होती, धातू नव्हे.

याच रागाने अजून एक सांगतो. घाटात एखाद्या वळणावर गाड्या वारंवार पलटी होतात आणि लोक म्हणतात जागा वाईट आहे, मग तिथे नारळ फुटतात, गाडीला लिंबू-मिरची लागते. जाऊन बघा, बऱ्याचदा उतार असतो आणि वळण मधेच अजून आवळत जातं, माणूस घाबरून पाय उचलतो किंवा ब्रेक दाबतो, वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि झिजलेल्या बुशवर त्यांचं तोंड फिरतं. तिथे कठडा आणि आधीच वेग कमी करायला सांगणारी पाटी हवी, आणि तुमच्या गाडीचे बुश बघायला हवेत.

ते बघायला पोर्शे लागत नाही. माझ्या आधीच्या सेडानचे लोअर आर्मचे नवे बुश वर्षाच्या आत गेले. रॅम्पवर फोरमनने पहार घालून आर्म ढकलला तर रबर आतल्या नळीपासून अर्धं सुटलेलं, फटीतून पलीकडचा उजेड दिसत होता. कारण बसवतानाच लागलं होतं: गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण कसले होते. बुशमधलं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं, ते घसरत नाही, पिळतं. लोंबकळत असताना कसलं की गाडी जमिनीवर उतरताच ते पिळलं जातं आणि चोवीस तास पिळलेलंच राहतं. भाच्याला म्हणून एवढंच कळवलंय, की ज्या टोकांना रबर ठेवणार असाल तिथले बोल्ट आधी नुसते हाताने लावा, गाडी चाकांवर उभी करा, ड्रायव्हरच्या सीटवर त्याच्या मित्राएवढं वजन ठेवा, आणि मग पाना घ्या.